हाफक्लच बाई आणि 'लेफ्ट'

आमच्या ड्रायव्हिंगच्या बाई 'लेफ्ट' हा शब्द तोंडात येऊ देत नसत. क्लच, ब्रेक, गिअर, राइट, सगळं इंग्रजीत, फक्त डावीकडे वळायचं असलं की "डावं घे." मागच्या सीटवर पाळीची वाट बघत बसलेल्या एकाने एकदा विचारलं, "मॅडम, लेफ्ट म्हणायचंय का?" बाई मागे न वळता म्हणाल्या, "मला म्हणायचं ते मी म्हटलंय. तुला जे ऐकायचंय ते घरी ऐक."

धायरीत त्यांना सगळे हाफक्लच बाई म्हणत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सलवार-कमीजवर पुरुषी मनगटी घड्याळ. नवरा फार पूर्वी वारलेला. त्याच्यामागे त्यांनी गाडी शिकून ती शिकवायलाही घेतली. टपावर तांबड्या 'एल'ची पाटी लावलेली जुनी छोटी गाडी, आणि डाव्या सीटपुढे त्यांचा स्वतःचा जादा ब्रेक. नवीन माणसाला त्या पहिल्याच दिवशी चढावर नेत. "हाफ क्लच म्हणजे काय? गाडी थांबलेली नाही आणि निघालेलीही नाही. तशी धरून ठेवायची. पाय थरथरायला लागला की समज, बरोबर धरलंयस."

जीभ मात्र तिखट. "ब्रेक दाबायला सांगितलाय, कुरवाळायला नाही." "त्या रिक्षावाल्याला वाट दिलीस, आता चहाही पाज." मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत मला वाद घालता येत नाही आणि इंग्रजीत घालावा असं कुणी भेटत नाही, म्हणून मी बहुतेक गप्पच असते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तोंडात जीभ आहे ना गं तुझ्या? का तीही न्यूट्रलला ठेवलीयेस?" मी हसले. तेवढंच मला जमतं.

पण गप्प माणसाला एक सवय असते, तो बघत बसतो. माझ्या लक्षात आलं की आमचा प्रत्येक धडा स्वारगेटला जातो. शिकायचं पार्किंग असो नाहीतर रिव्हर्स, गाडी सिंहगड रोडने निघायची आणि एसटी स्टँडजवळ बाई वेग कमी करायला लावायच्या. सिग्नलला थांबलो की एरवी अखंड बोलणाऱ्या बाई एकदम बंद. त्या डावीकडच्या खिडकीतून स्कूटीवरच्या मुलींकडे बघत राहायच्या. आमच्या पुण्यात मुली स्कार्फ असा बांधतात की डोळ्यांखेरीज काही दिसत नाही. बाई एकेकीचे डोळे बघायच्या. हिरवा दिवा लागला तरी बघायच्या.

एका सकाळी त्याच सिग्नलला आम्ही थांबलो होतो. डाव्या बाजूला एक स्कूटी येऊन उभी राहिली. मुलीचा स्कार्फ पोपटी, त्यावर पांढरे ठिपके. बाईंनी दार उघडलं आणि भर रस्त्यात उतरल्या.

"रेणू."

मुलीने बघितलं नाही. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो काकू, काय करताय?"

"जरा स्कार्फ खाली कर बाळा. एकदाच."

मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला तिथे काय दिसलं ते मला गाडीतून कळलं नाही, पण तिने मुकाट्याने स्कार्फ हनुवटीखाली ओढला. गोल चेहरा, दातांना तारा. "सॉरी काकू," ती म्हणाली. चूक तिचीच असावी तशी. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, स्कूटी निघून गेली, तरी बाई तिथेच. मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यात ओरडले, "बाई, आत या ना!"

त्या येऊन बसल्या. "चल, फर्स्ट टाक." माझी गाडी तीनदा बंद पडली. त्या एकदाही बोलल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढे गेल्यावर म्हणाल्या, "डावं घे. थांब." मग समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. रेणू त्यांची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची. तिला इंग्रजी शाळेत घातलं. मग स्पर्धा परीक्षा, शहरातली अभ्यासिका, सकाळी डबा घेऊन जायचं आणि अंधार पडल्यावर घरी. तिसऱ्यांदा यादीत नाव आलं नाही, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "बंद पडलेली गाडी ढकलता येते. माणसाला किती दिवस ढकलायचं?"

"हे वाक्य मी क्लासात रोज कुणाला ना कुणाला ऐकवते," त्या म्हणाल्या. "सगळे हसतात. तीही हसली. म्हणाली, चांगलं होतं आई. दुसऱ्या दिवशी डबा ओट्यावरच राहिला. वर चिठ्ठी. मला शोधू नकोस, मी ठीक आहे." पोलिसांनी चिठ्ठी वाचली. मुलगी सज्ञान आहे, म्हणाले. त्याला आठ महिने होऊन गेले होते. जाताना रेणू स्वारगेटहून बसमध्ये बसली असणार, असं अभ्यासिकेतल्या कुणीतरी सांगितलं होतं. परतलीच तर तिथेच उतरेल, हा बाईंचा हिशोब.

मग त्यांनी फोन काढला. त्यावर एक ग्रुप होता, 'आम्ही दोघी'. रेणूनेच केलेला. दोघींचा कसला गं ग्रुप, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, घरात माणसंच दोन, मग कुटुंबाचा ग्रुप नको का? त्यातली शेवटची ओळ इंग्रजीत होती, दोनच शब्दांची: रेणू लेफ्ट.

"मला हा शब्द म्हणजे डावं, एवढंच इंग्रजी," बाई म्हणाल्या. "ही डावीकडे कुठे वळली? तू शिकलेली आहेस. सांग याचे सगळे अर्थ. एकही गाळू नकोस."

मी माझ्या फोनवर शोधून मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून दाखवणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं. डावा हा अर्थ एका जुन्या शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ दुबळा, निकामी. डावा हात दुबळा, म्हणून त्याचं नाव पुढे त्या बाजूला पडलं. दुसरा 'लेफ्ट' वेगळ्याच मुळाचा. सोडून गेला, निघून गेला. पण त्या क्रियापदाचा जुना अर्थ मागे ठेवणं, राहू देणं असा होता. म्हणून जे उरलं, शिल्लक राहिलं, तेही लेफ्टच.

"थांब थांब. गेलं तेही लेफ्ट, आणि उरलं तेही लेफ्ट?"

"हो."

"कसली भाषा गं ही. आपल्यात डावं म्हणजे डावं." मग म्हणाल्या, "डावललं मात्र मीच तिला."

आणि मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे इथे काय? गेली, का शिल्लक आहे?"

त्या दोन शब्दांत शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "शिल्लक आहे, असाही होतो अर्थ."

त्यानंतर त्या रोज ग्रुपवर लिहू लागल्या. मी गाडीत बसायच्या आधी एका बोटाने अक्षरं जुळवताना दिसायच्या. आज मुगाची खिचडी केली. तुझी चादर धुतली. पंखा आता आवाज करत नाही. जेवलीस का. ग्रुपमध्ये त्या एकट्याच आहेत आणि हे जगात कुणापर्यंतही पोचत नाही, हे मला ठाऊक होतं. "वाचल्याची खूण येत नाही गं," त्या म्हणायच्या. "कधी कधी उशीर होतो," मी म्हणायचे. रोज घरी जाताना ठरवायचे की उद्या सांगायचं. उद्या त्या विचारायच्या आणि मी तेच म्हणायचे.

माझी लायसन्सची परीक्षा विश्रांतवाडीच्या बाजूला होती. मी पास झाले. बाहेर आल्यावर बाईंनी उसाचा रस पाजला आणि म्हणाल्या, "एक सांगू? तू खोटं फार वाईट बोलतेस. क्लच सोडतेस ना, तसंच. एकदम."



"लेफ्ट म्हणजे काय ते रेणू गेली त्याच दिवशी मी शेजारच्या पोराला विचारलं होतं. मला कळलेलं होतं. पण तिच्यासारखंच शिकलेल्या पोरीच्या तोंडून दुसरा काही अर्थ निघतो का, ते बघायचं होतं. निघाला." त्या हसल्या. "तेवढ्यावर चार महिने काढले की मी."

"बाई, सॉरी."

"सॉरी कशाला? ती स्कूटीवालीही सॉरी, तूही सॉरी. तुम्ही पोरी कशाकशाच्या सॉरी म्हणता?" मग फोन पुढे केला. "त्या ग्रुपवर स्वतःला घालून घे. कुणीतरी वाचायला पाहिजे. उत्तर देऊ नकोस हं. तुला जमायचंही नाही."

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी थट्टेत म्हटलेलं मी नियमासारखं पाळलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, रोज एक ओळ यायची आणि मी ऑफिसच्या बसमध्ये ती वाचायचे. आज दोन करंज्या बाजूला ठेवल्यात. आज एक मुलगी शिकायला आली, तुझ्यासारखीच नखं खाते. छातीत जरा भरल्यासारखं होतंय, पित्त असेल. ही शेवटची. त्यानंतर काही आलं नाही. मी अकरा दिवस वाट पाहिली. अकरा दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. बाराव्या दिवशी केला तर तो बंद.

धायरीला गेले. टपावरच्या 'एल'सकट गाडी ताडपत्रीखाली उभी होती. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "तुला ठावं न्हाई व्हय? छातीत कळ आली अन् गेल्या. भाऊ आला व्हता, सामान घिऊन गेला. घराला कुलूप हाय."

"आणि त्यांचा फोन?"

"त्यो पण त्यानंच न्हेला. आता कोण बोलणार हाय त्याच्यावर? बंद केला आसंल की."

मी जिन्यातच बसले. रेणूला आईचा तो एकच नंबर पाठ असणार. एका वाक्यापायी घर सोडलेली मुलगी एक दिवस तो फिरवणार, आणि तो अस्तित्वात नाही असं एक रेकॉर्ड केलेला आवाज तिला इंग्रजीत सांगणार. आजींकडून भावाचा नंबर घेऊन मी फोन केला, बोलले, अडखळत विनवण्याही केल्या. तो चांगला माणूस होता. "अहो ताई, आधी सांगायचं ना," म्हणाला. पण फोन त्याने विकला होता आणि सिम टाकून दिलं होतं.

काही महिन्यांनी बंद नंबर आपोआप गळाला आणि ग्रुपवर एक ओळ आली. बाई लेफ्ट. आता त्यात मी एकटी आहे. गेलं ते आणि उरलं ते, दोन्ही अर्थ तिथे एकत्र आहेत.

मी माझा नंबर कुणाला देत नाही. ऑफिसातही मोजक्यांकडेच आहे. पण त्या आठवड्यात रेणूच्या अभ्यासिकेत गेले आणि दाराजवळच्या फळ्यावर, जिथे खोल्या आणि डबे मिळतील अशा चिठ्ठ्या असतात, तिथे एक लावली. मग स्वारगेटच्या आसपास जिथे जिथे लावू दिली तिथे लावली. रेणू, आईचा नंबर बंद झाला आहे. हा माझा. आई रोज तुला लिहीत होती, ते माझ्याकडे आहे. ये.

कर्ज देणारे फोन करतात, खोल्या विचारणारे करतात, एक जण नुसताच श्वास घेतो. पूर्वी अनोळखी नंबर मी उचलत नसे. आता गाडी डावीकडे घेते, थांबवते आणि प्रत्येक उचलते. समोरून आवाज येईपर्यंत फोन कानाशी धरून ठेवते. हात थरथरतो. बाई शेजारी असत्या तर म्हणाल्या असत्या, बरोबर धरलंयस.