साहेबाच्या टेबलावर वढ्यातलं मासं

कुंभारीकरांनो, आज वढ्यातलं मासं खाऊ नका.

काल टावेलच्या कारखान्याची आग फेस मारून विझवली. माणसं वाचली, बरं झालं. पण त्यो फेस वढ्यात उतरला आन् सकाळी मासं उलटं तरंगत हुतं. आमच्या बायका मात्र "फुकटचा साबन हाय" म्हनत त्यात चादरी धूत बसल्या!

मी याच वढ्यातलं मासं इकते. चार मेलेलं उचललं आन् कारखान्याच्या साहेबाच्या टेबलावर ठेवलं.

"मावशी, फेसानं काही होत नाही."

"व्हय? मग घरी न्या की, कालवण करा."

साहेबानं खुर्चीच मागं सरकवली.

साहेब खाईना, ते मी गिऱ्हाइकाला कसं इकू? पानी तपासल्याबिगर हटणार न्हाय. उद्या सकाळी गेटावर बसतेय. कोण कोण येतंय?