तीन अक्षरांचे बिल्ले पाहायला केंब्रिजला

सुपरमार्केटातली ट्रॉली नाणं घातल्याशिवाय जागची हलत नाही, याची एका सुसंस्कृत राष्ट्राला लाज कशी वाटत नाही, हे मला अद्याप उमगलेलं नाही. यावर उपाय म्हणून आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरात बायकोच्या, म्हणजे हेमाच्या, किल्ल्यांना नाण्याच्या जागी चालणारा प्लॅस्टिकचा एक निळा बिल्ला लटकतो. मी संस्कृत व्याकरणात केस पांढरे केलेला माणूस. पण त्या बिल्ल्यावाचून मला बटाटे मिळत नाहीत.

गुरुवारी हे पुन्हा ऐकवलं, तेव्हा हेमा म्हणाली, "अहो, शनिवारी कुठेतरी जाऊ या. घरात राहिलात तर मला तुम्हाला भूल द्यावी लागेल." ती भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. तिची बायोप्सी झाली होती, रिपोर्टचा फोन सोमवारी यायचा होता, आणि तोवर मी येरझाऱ्या घालून कार्पेट झिजवत होतो. केंब्रिजच्या एका संग्रहालयात दुकानदारांचे जुने बिल्ले मांडलेत, हेही तिनंच शोधून काढलं.

जाणाऱ्यांसाठी: मेट्रोपॉलिटन लाइननं किंग्ज क्रॉस, तिथून थेट ट्रेन. दोघांचं रेलकार्ड असेल तर स्वस्त पडतं. स्टेशनपासून चालत जाता येतं, सायकलवाल्यांनी जिवंत सोडलं तर. संग्रहालय फुकट आहे. तिथली कॉफी नाही. आम्ही नदीकाठी ठेपले आणि लसणाची चटणी काढली. शेजारचा बाक आपोआप रिकामा झाला.

बिल्ले नखाएवढे. सतराव्या शतकात इंग्लंडात सुटे पैसे मिळेनात, म्हणून वाणी, मेणबत्तीवाले, खानावळवाले यांनी आपापलीच नाणी पाडली. ती चालायची आपल्या गल्लीत. पलीकडे विचारतो कोण? आपल्याकडचे दुकानदार सुट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या ठेवतात, तोच हा वंश. फक्त याला मुंग्या लागत नाहीत.

एका मेणबत्तीवाल्याच्या बिल्ल्यावर तीन अक्षरं होती. वर एक, खाली दोन. मी घसा खाकरून सांगितलं की अग्नीशी संबंधित धंदा आहे, तेव्हा ही त्रिमूर्तीची बीजाक्षरंच असणार. हेमानं निमूटपणे खालची पाटी वाचली.

"वरचं आडनावाचं. खालची दोन नवरा-बायकोची. दुकान दोघांचं, म्हणून." मग म्हणाली, "हा तर धातूचा उखाणाच झाला की. बघा, जमतंय का तुम्हाला."

आव्हान स्वीकारणं भाग होतं. "हॅरोहून निघालो, केंब्रिज गाठलं थेट, हेमाचं नाव घेतो, लागायच्या आत गेट."

"छंद कुठला हा?"

"आपत्कालीन."

पहारेकऱ्यानं आम्हाला हळू हसायला सांगितलं.

शेजारच्या बिल्ल्यावर दोनच अक्षरं होती. जोडीदार गेल्यावर त्या बाईनं दुकान एकटीनं चालवलं, असं पाटी सांगत होती. मी पाटीसमोर उभा राहून छताच्या नक्षीची स्तुती करू लागलो.

"सरका," हेमा म्हणाली. "वाचलंय मी ते."

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. आज रविवार. सकाळी मी बाजाराला निघताना तिनं किल्ल्यांमधून निळा बिल्ला सोडवला आणि माझ्या हातावर ठेवला. "हा आता तुमच्याकडेच असू द्या."

तो खिशात आहे. ट्रॉलीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला उद्याच्या फोनची भीती वाटते.