मॅनिफोल्डची पातळ बाजू

आण्णांचा हात पुन्हा माझ्यावर उठला तर तो धरायचा, पण आपला उठू द्यायचा नाही, असं मी आईला सांगितलं होतं. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला तेव्हा वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मला चाळीतल्या सगळ्यांसमोर पट्ट्यानं मारलं होतं, त्या संध्याकाळची गोष्ट. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आई म्हणाली, "तेवढं मात्र पाळ."

आण्णांनी भोसरीच्या एका फाउंड्रीत उभा जन्म फेटलिंग केलं. ओतून काढलेल्या भागांची नको असलेली कड ग्राइंडरनं घासायची, हे त्यांचं काम. त्या थरथरीनं त्यांची बोटं बधिर झाली आणि आवाजानं कान अधू झाले. मारताना मात्र जोर होता तेवढाच होता.

मामाचं चिखलीत गॅरेज आहे. तिथं त्याची स्वतःची एक जुनी, गोल बोनेटची गाडी उभी असते. तिचा इनटेक मॅनिफोल्ड तडकला. कार्बोरेटरमधून आलेली पेट्रोलमिश्रित हवा फाट्याफाट्यांनी सिलिंडरपर्यंत नेणारा भाग तो. कुदळवाडीच्या भंगारातून आम्ही दोन उचलून आणले. एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड आणि अरुंद. दुसरा ॲल्युमिनियमचा, रुंद फाट्यांचा. त्यातला एक निवडून आतून घासायचं काम मामानं माझ्यावर सोपवलं.

मी ॲल्युमिनियमचा निवडला. हवा कशी मोकळी जाईल ते वहीत आकृती काढून दाखवलं.

त्या दिवशी आण्णांना सुट्टी होती, तेही गॅरेजात आले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मॅनिफोल्डवर टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली आणि पान्यानं बाजूला हलके ठोके दिले. चारही फाटे त्यांनी असे तपासले.

"ह्यो न्हाई चालायचा," ते म्हणाले. "वतताना आतला गाभा सरकलाय. हिकडची भिंत पातळ हाय. बिडाचा घे."

मामा हसला. "दाजी, दातानं एक्स-रे काढता व्हय?"

मीही हसलो. वर म्हणालो, "आण्णा, तुमच्या हातातनं चहाचा कप सुटतो. तुम्हाला मिलिमीटर काय कळणार?"

असं मी त्यांना आधी कधी बोललो नव्हतो. त्यांनी स्क्रूड्रायव्हर बाकावर ठेवला आणि स्टुलावर बसले.

मी ग्राइंडर आत घातला. ॲल्युमिनियम किंचाळायला लागलं. तापलेला कीस मानेला चिकटत होता. एका फाट्यात, त्यांनी दाखवलेल्या बाजूलाच, काळा डाग राहिला. फेटलिंगवाल्याच्या घरात चमकलं नाही ते नापास, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी तिथं दाबलं.

"डाग ऱ्हाऊ दे!" आण्णा ओरडले.

मला ऐकू आलं होतं. मी अजून दाबलं.

ग्राइंडर अडकला, उसळला, माझ्या बोटांची सालं काढून गेला. भिंत फाटली होती. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता.

आण्णांची पहिली थप्पड कानावर बसली. दुसरा हात मी मनगटात धरला. इथवर मी आईला दिलेल्या शब्दात होतो.

"सोड," आण्णा म्हणाले. "इंजिनियरसाहेब! ह्येच शिकवत्यात व्हय तिथं?"

मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते बाकावरच्या लोखंडी व्हाइसवर आपटले. मी आणखी एक मारला. त्याची गरज नव्हती, हे मला मारतानाच कळत होतं. मामानं मागून माझी मान आवळली आणि मला जमिनीवर पाडून कमरेत लाथ घातली. "बाप हाय तुझा, भडव्या!" माझ्या तोंडासमोर, किसात, आण्णांचा दात पडला होता.

कॉम्प्रेसर चालूच होता. आण्णांनी बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, लाल थुंकले. मामा दवाखान्यात चला म्हणत होता. त्यांनी बिडाचा मॅनिफोल्ड बाकावर ओढला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ तोंडाशी नेली. दातांत धरता येईना. पुन्हा नेली. मग मूठ शर्टाला पुसून माझ्यापुढं केली.

मी ती दातांत धरली. ते ठोके देत गेले, एकेका बाजूला. कवटीत नुसती थरथर येत होती आणि कान वाजत होता.

"कळतंय का कुठं जाड, कुठं पातळ?"

"न्हाई."

"मग घासू नगंस. हाय तसा बसव."

तसाच बसवला. गाडी चालते, चढावर जरा दमते.

घरी आण्णांनी सांगितलं, ग्राइंडर उडाला. आईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या सोललेल्या बोटांकडं. हळद आणायला उठता उठता ती म्हणाली, "तेवढं पाळ म्हणले होते."