करपलेली आंबील

आमच्या महालक्ष्म्या मोठ्या काकांच्या इतवारीतल्या घरी बसत, आणि नैवेद्याची ज्वारीची आंबील माझी आई करी. घराच्या किल्ल्या मोठ्या आईकडे, म्हणजे काकूकडे होत्या. आंबील तेवढी आईकडे होती. सोवळ्यातला स्वयंपाक चाखायचा नसतो. आईला गरजच पडत नसे. वाफेवर जरा वाकली की ताक किती आंबलंय, मीठ पडलंय की राहिलंय, हे तिला कळे. बायका पातेलं पुढे करून विचारीत, आणि ती दुसरीकडे बघत सांगे, "चिमूटभर टाक अजून."

त्या घरात आणखी एक नियम होता. नैवेद्य दाखवेपर्यंत त्याच्या वासाबद्दल कुणी बोलायचं नाही. वासावर पहिला हक्क देवीचा.

आणीबाणी उठली त्या सुमारास एका भाद्रपदात आंबील तळाला लागली. करपल्याचा वास माजघरातून बैठकीत आला, बैठकीतून गल्लीत गेला. काकांनी घसा साफ केला. जावयांनी भिंतीवरचे फोटो पाहायला घेतले. नियम सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे बोललं कुणीच नाही. पातेल्याशी उभी असलेली आई शांतपणे पळी फिरवत होती.

जेवणं झाल्यावर मोठी आई तिला म्हणाली, "काहून वं, नाक कुठं ठेवून आली होती?"

आई पातेल्याचा तळ खरवडत राहिली.

"मन थाऱ्यावर नसलं की देवीले कळते बरं."

गुरुजींना बोलावलं गेलं. त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. सामानात गुरुजींच्याच घरी उपयोगी पडतील अशा वस्तू बऱ्याच होत्या, पण मंत्र खणखणीत होते आणि मंडळींचं समाधान झालं. आंबील मात्र मोठ्या आईनं स्वतःकडे घेतली. "वर्ष-दोन वर्ष जाऊ दे, मग पाहू," असं ती म्हणाली. त्यानंतर दर भाद्रपदात आई सोवळ्याचं पातळ धुऊन घडी करून ठेवी आणि बोलावण्याची वाट पाही. बोलावणं जेवायचंच येई.

काही वर्षांनी तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरू लागला, कापसाची वात वळावी तसा. मोठी आई कौतुकानं म्हणाली, "जप चालला वाटते." मग पाऊल घासायला लागलं, चेहरा लाकडासारखा झाला, तेव्हा जप मागे पडला. मी तिला धंतोलीतल्या एका प्रसिद्ध डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या पाटीवरच्या पदव्या वाचून होईपर्यंत रिक्षावाला पैसे घेऊन निघून गेला. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, भीतीचं कंपन असल्याचं सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं. बाटली संपली, कंपन राहिलं.

दुसरे डॉक्टर तरुण होते. पाटी लहान, टेबलावर पसारा. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितलं, एक नाकपुडी दाबून धरली आणि दुसरीखाली एक लहानशी बाटली धरली. कॉफीचा वास मला लांबूनही येत होता.

"काय आहे, आई?" डॉक्टरांनी विचारलं.

"लवंग असंल."

त्यांनी लवंगेच्या तेलाची बाटली धरली.

"आता?"

"काहीतरी चांगलंच असंल डॉक्टरसाहेब. तुम्ही खराब कायले द्याल?"

डॉक्टर हसले नाहीत. शेवटी त्यांनी अमोनियाची बाटली उघडली. आईनं झटक्यात मान मागे घेतली, डोळ्यांतून पाणी आलं.

"वास आला?"

"झोंबलं. वास नाही."

झोंबणं वेगळ्या नसेचं काम, त्यांनी मला समजावलं. ती नस शाबूत आहे. सोंग करणारा झोंबल्याचंही नाकारतो, म्हणजे बाई खरं सांगताहेत. हा कंपवात होता. काही रोग्यांचा वास हात थरथरायच्या कितीतरी आधी जातो असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. पुस्तकात अजून नीट लिहिलेलं नाही, म्हणाले. मग त्यांनी आईला विचारलं, "केव्हापासून येत नाही?"

"आंबील लागली तेव्हापासून," आई म्हणाली. "त्याच्या आधीपासूनच असंल. मले वाटलं, पाप लागलं. प्रायश्चित्त केलं तरी वास आला नाही. म्हटलं, अजून काही उरलं असंल."

हाताबद्दल तिनं काही विचारलं नाही. "वास येईल का परत?" एवढंच विचारलं. हातासाठी गोळ्या होत्या. वासासाठी काही नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी इतवारीत गेलो. आईचा दोष नव्हता, हे सांगताना मला वाटत होतं की मी तिची आंबील परत आणतो आहे. मोठी आई ऐकता ऐकता रडली, अगदी खरी रडली. "मी काय काय बोलली वं माय तिले," म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "बिमारी आहे म्हणते तर मंग आता नकोच. बसून राहू दे बिचारीले."

आईला हे सांगावं लागलं. ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "पाप होतं तेच बरं होतं. फिटलं तर असतं."

त्या वर्षी महालक्ष्म्यांना गोळ्यांमुळे तिचा हात बराच शांत होता. सोवळ्याचं पातळ तिनं काढलंच नाही, साधं नेसली. पंगतीत मी तिच्या शेजारी बसलो. मोठी आई आंबील वाढत आली. वाढणारीनं प्रत्येकाला विचारायचं, हा रिवाज. "कशी झाली?" काकांना विचारलं, जावयांना विचारलं, मला विचारलं. आईच्या वाटीत तिनं पळी ओतली, वर आणखी अर्धी घातली, आणि मान खाली घालून पुढच्या पानाकडे सरकली.

आईनं वाटी उचलून एक घोट घेतला होता. वाटी तशीच ओठांशी धरून ती मोठ्या आईच्या पाठीकडे बघत राहिली, विचारेल म्हणून.