टाच टोचताना

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. नर्सिंग शिकताना उल्हासनगरच्या एका रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत माझी ड्युटी लागली, तेव्हा कुणाला काही विचारायचीही मला भीती वाटे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एवढ्याशा जिवाला दुखणं कळत नाही, असं तेव्हा पुष्कळजण मानत.

पण काविळीच्या तपासणीसाठी टाच टोचली की तिथलं एक बाळ रडून रडून निळं पडायचं. त्याची आई बदलापूरजवळच्या गावातली. बाळांच्या आईलाही आत यायची परवानगी नव्हती. ती काचेबाहेर उभी राहून पदर चावायची.

बालरोगतज्ज्ञ मॅडमनी ठरवलं, रोज एकच उपाय करून बघायचा. मी फक्त बाळाचा चेहरा बघायचा. आधी त्याला हातपाय पोटाशी घेऊन दुपट्यात गुंडाळलं. रडलं, पण निळं पडलं नाही. दुसऱ्या दिवशी जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले. ते चाटता चाटता टोचून झालं, आणि बाळ नुसतं कुरकुरलं. माझा आनंद मावेना. उद्या दोन्ही एकदम करू या, मी म्हणाले. मॅडम हसल्या. मग फरक कशानं पडला ते कसं कळणार, असं त्यांनी विचारलं.

मी वरमले, पण तोंडून निघूनच गेलं, "मग उद्या आईच्या छातीशी धरून?"

मोठ्या सिस्टरना ते पटलं नाही. बाहेरचे जंतू आत येतील, ही त्यांची काळजी खरीच होती. शेवटी कोपरापर्यंत हात धुऊन, स्वच्छ गाऊन घालून आई आत आली. गाऊन पुढून सोडून बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, तसं ते झोपी गेलं. मी श्वास रोखून त्याच्या कपाळाकडे बघत होते. सुई टोचली.

"आई गं!" आईच ओरडली.

"सुई कुणाला टोचली गं, तुला की त्याला?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

बाळाच्या कपाळावर हलकीशी आठी आली आणि विरली. ते झोपेतच होतं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, आणखी बाळांवर बघावं लागेल, असं मॅडमनी मला बजावलं. मग त्या मोठ्या सिस्टरकडे वळल्या. "पण ह्याच्या आईला उद्यापासून आत येऊ द्या."

 सिस्टरनी आईसाठी एक खुर्ची पाळण्याजवळ सरकवली.