साडेसातची मालिका आणि आमचा उपवासकाळ

ऑफिसात आवडत्या मालिकांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठते. तिथली मुलं कोरियन मालिका बघतात, सोळा भागांत संपणाऱ्या, आणि शेवटाचा अर्थ काय यावर जेवणाची सुट्टी घालवतात. माझ्या मालिकेला शेवटच नाही. नायिकेची स्मृती दोनदा गेली आणि दोनदा परत आली. घरातल्या बायका झोपतानाही जरीच्या साड्या नेसतात. एवढा मोठा बंगला, पण दार लावून बोलायची अक्कल एकालाही नाही, त्यामुळे सगळी गुपितं जिन्याखाली उभं राहून ऐकली जातात. ही मालिका मला जिवापाड आवडते. हसायचं तर हसून घ्या.

लग्न होऊन मी वटार गावात आले. मी माणिकपूरच्या बिल्डिंगीत वाढलेली, सासूबाई वाडीतल्या केळीत आणि भाजीत. नवरा त्यांचा एकुलता एक. आम्हा दोघींचं एकाही बाबतीत पटत नव्हतं आणि भांडायची सोय नव्हती, कारण आवाज चढला की नवरा वाडीत पाणी लावायला पळायचा. मग आम्हाला मालिका सापडली. संध्याकाळच्या रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, शेवटचा टप्पा सात पंचविसाला एकदम वेग घ्यायचा, आणि साडेसातला आम्ही सोफ्यावर बसून टीव्हीशी बोलायला लागायचो.

मालिकेतली सून पर्स घेऊन निघाली की सासूबाई तिला म्हणायच्या, "जा बाय, जा. घरात कामाला आमी हायच."

मालिकेतली सासू सुनेची खोली उचकू लागली की मी तिला सुनावायचे, "दुसऱ्याच्या कपाटात हात घालताना लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

पडद्यावरच्या दोघींनी बिचाऱ्यांनी आठ वर्षं आमच्या शिव्या खाल्ल्या. जाहिरात लागली की आम्ही एकमेकींना चकल्या द्यायचो. आमच्या घरात कधी भांडण झालं नाही, असं सासूबाई गावभर सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

मग यंदा मी माती खाल्ली. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर प्रवचनात म्हणाले, "मटण कोणीही सोडतं. जे खरोखर आवडतं, ते सोडून दाखवा." मला भक्तीचा झटका आला. चर्चच्या पायऱ्यांवर चार शेजारणींसमोर मी जाहीर केलं, की आमच्या घरी ईस्टरपर्यंत मालिका बंद. शेजारणी सासूबाईंना म्हणाल्या, सून मिळावी तर अशी. सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी त्या उपवासकाळातलं प्रायश्चित्त म्हणून स्वीकारलं.

आपण काय करून बसलो ते घरी आल्यावर लक्षात आलं. आम्ही नवराबायकोनं माणिकपूरला स्टेशनजवळ फ्लॅट घेतला होता. ईस्टर झाला की राहायला जायचं होतं, आणि सासूबाईंना अजून कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं ते माझ्यावर ढकललं होतं. "तूच सांग. तुमचं किती छान जमतं." वटार ते माणिकपूर काही परदेश नव्हे, रिक्षानं जाता येतं. पण आम्ही गेल्यावर त्या घरात त्या एकट्याच उरणार होत्या. ते तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. टीव्हीला सांगून बघितलं होतं. "लांब राहिलं म्हणून माया कमी होते का?" असं मी पडद्याला दोन-तीनदा विचारलं होतं. सासूबाईंनी फक्त टीव्हीचा आवाज वाढवला होता. आणि आता तो एकुलता एक रस्ता मी स्वतःच्या हातानं बंद केला होता.

साडेसातला आम्ही सवयीनं सोफ्यावर बसायचो आणि पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायचो. चौथ्या दिवशी त्या सरळ मला म्हणाल्या, "भात चिकट झाला." मी म्हटलं, "तुमचाही होतो." आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकींना तोंडावर बोललो होतो. दोघी इतक्या घाबरलो, की दुसऱ्या दिवशी कोणी भातच लावला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या कॅलेंडर घेऊन आल्या. "रविवार उपवासकालात धरत नाय. चालीस दिवस मोजून बघ." मी मोजले. बरोबर होतं. आणि त्या रविवारी नेमका दोन तासांचा महाएपिसोड होता.

आम्ही रोझरी आटपून बसलो. महाएपिसोडात मुलगा आणि सून घर सोडून निघाले होते. कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा गेला, वीज कडाडली, देवघरातला दिवा विझला. सून दारात उभी राहून नुसती रडत होती. मी टीव्हीला म्हटलं, "रडतेस काय? सांगून टाक की सासूला."

"तिला म्हायती हाय," सासूबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "तिनं यंदाचा मसाला दोन बरन्यांत भरून ठेवलाय. एक मोठी, एक ल्हान. मोठी त्या दोघांची."

मालिकेतल्या स्वयंपाकघरात मसाला कुटलेला मी आजवर पाहिलेला नाही. तिथे फक्त चहाचे ट्रे भरतात.

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी टीव्हीकडे पाठ केली आणि त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"जाहिरात लागू दे," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

सून अजून उंबऱ्यातच होती, जाहिरातीला अवकाश होता. सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.