डाव्या हाताची पत्रं

माझी मावशी खाणकामगारांच्या मुलांच्या शाळेत बाई होती आणि मी तिथे स्वयंपाक करायचे. शाळा चालायची देणग्यांवर. एकेका देणगीदाराला एकेक मूल नेमून दिलेलं. दर तीन महिन्यांनी त्या मुलाच्या हातचं पत्र गेलंच पाहिजे, नाहीतर देणगी बंद. हा नियम कुठल्या दीडशहाण्याने काढला देव जाणे!

दुसरीतली एक मुलगी तापाने गेली. तिचा देणगीदार म्हणजे एक म्हातारा, अख्ख्या वर्गाचा खर्च एकटा उचलायचा. मावशी त्याला कळवायला बसली, पण तिच्याच्याने लिहवेना. देणगी थांबली की वर्ग बंद आणि पोरं पुन्हा खाणीवर खडी फोडायला. तिने पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "आजोबा, मी मजेत आहे."

तीन वर्षं हेच चाललं. पत्र लिहिताना मावशी रिकाम्या वर्गात बोलायची. "हळू सांग गं, हात दुखतो." भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा मी ओरडलेच, "मावशी, वेड लागेल तुला!"

"अगं, तिला अजून गुणाकार येत नाही," ती म्हणाली. "येणार कसा? मी शिकवलाच नव्हता."

मग एक दिवस म्हातारा काठी टेकत दारात हजर.

"माझी नात कुठंय? पाचवीत असेल ना आता? अक्षर मात्र काही सुधारलं नाही हो तिचं!"

घ्या! आता बसा बोंबलत! मी तर पाचवीतल्या एका पोरीचा हात धरून तिला पुढे करणार होते. मावशीने मला डोळ्यांनीच दटावलं आणि म्हाताऱ्याला सगळं खरं सांगून टाकलं.

तो बाकावर बसला.

"माझी बायको गेली, तेव्हा 'आजोबा, दोन घास खा हं' असं कोणी लिहिलं?"

"तिनेच," मावशी म्हणाली. मग चपापली. "मी."

म्हातारा उठला. "वर्ग चालू राहील, बाई. पण आता पत्र नको."

माझा जीव भांड्यात पडला. मावशी मात्र फळ्याकडे तोंड करून हमसून हमसून रडायला लागली. मुलगी गेली तेव्हा तिने टिपूसही काढलं नव्हतं.

"आता ती बोलणार कुणाशी गं?" म्हणाली.